कार्डावरची शेवटची ओळ

आटगाव स्टेशन तुमच्यापैकी पुष्कळांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलं असेल. कसारा लोकल आसनगाव सोडते, माहुलीचे सुळके दिसत असतात आणि पुढचं स्टेशन आमचं. याच भागातल्या एका पाड्यावर १९५१ साली माझा जन्म झाला, आणि तोही सातव्या महिन्यात. वजन कोणी केलं नाही. सुईण म्हणाली होती, "पोर ओंजळीत मावतंय." आजीने मला कापसात गुंडाळलं, चुलीजवळच्या कोपऱ्यात आईच्या छातीशी ठेवलं आणि कापसाच्या बोळ्याने आईचंच दूध थेंब थेंब पाजलं. मी जगलो. माझ्यामागून आलेली दोन भावंडं अशीच अपुऱ्या दिवसांची होती, ती जगली नाहीत. तेव्हा मी जुन्या काळाचे गोडवे गायला आलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मला बोलायचं आहे ते प्राणवायूबद्दल. आणि त्याआधी एका मुलीबद्दल. तिची परवानगी घेऊन बोलतो आहे, नाव मात्र सांगत नाही.

२००३ सालचा जानेवारी. आमच्या शेजारच्या पाड्यावरचं एक जोडपं दरवर्षीप्रमाणे वीटभट्टीवर गेलं होतं. बाईला दिवस होते. सातव्या महिन्यातच ती अडली, आणि भट्टीवरून तिला शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. मुलगी झाली. वजन तेराशे ग्रॅम. काचेच्या पेटीत, नाकाशी ऑक्सिजनची नळी लावून, सव्वीस दिवस ती तिथे राहिली आणि जगली. माझ्या भावंडांना जे मिळालं नाही ते तिला मिळालं. आम्ही सगळेच खूश होतो.

त्या काळी मी गावच्या शाळेत गुरुजी होतो. इंग्रजी वाचता येणारा म्हणून लोक कागद घेऊन माझ्याकडे येत. मुलीचा बाप रुग्णालयाचं कार्ड घेऊन आला. जन्माची नोंद करायची होती. मी तारीख वाचली, वजन वाचलं, मराठीत उतरवून दिलं. कार्डाच्या तळाशी घाईघाईने लिहिलेली एक ओळ होती. तिच्यात तीन इंग्रजी अक्षरं होती, आर, ओ, पी. पुढे 'चार आठवडे' असं काहीसं होतं. मला वाटलं, एखाद्या औषधाचं नाव असेल, नाहीतर विभागाचं. मी विचारलं नाही. कार्ड परत दिलं. ते रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या ट्रंकेत गेलं.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला, त्या सुमाराला तिच्या आजीच्या लक्षात आलं की पोर दिव्याकडे बघत नाही. मुंबईला नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि सांगितलं, डोळ्याचा पडदा सुटलाय. मार्चच्या आत आणली असती तर बरंच काही करता आलं असतं.

त्या तीन अक्षरांचा इतिहास मी पुढे, २००९ साली निवृत्त झाल्यावर, जमेल तसा वाचून काढला. आज तोच तुम्हाला सांगायचा आहे. कारण तो नुसता डॉक्टरांचा इतिहास नाही. चांगल्या हेतूने केलेली गोष्ट किती महागात पडू शकते, आणि ती चूक सुधारतानाही घाई केली तर काय होतं, याचा तो इतिहास आहे.

१९४२ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात थिओडोर टेरी नावाच्या नेत्रतज्ज्ञाने एक नवाच आजार नोंदवला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांत, भिंगाच्या मागे, पांढुरका पडदा दिसत होता आणि ती बाळं आंधळी होत होती. नवल असं, की हा आजार गरिबांच्या वस्तीत फारसा नव्हता. जिथे रुग्णालयं उत्तम, परिचारिका तत्पर, यंत्रं नवी, तिथेच तो वाढत होता. पुढच्या बारा वर्षांत जगभर सुमारे दहा हजार मुलं यात अंध झाली असा अंदाज आहे. त्यातली बहुसंख्य अमेरिकेतली. गायक स्टीव्ही वंडर हा १९५० साली सहा आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने अंध झाला.

डॉक्टरांनी कशाकशावर संशय घेतला नाही! प्रकाश, जीवनसत्त्वं, लोह, गाईचं दूध. सगळं तपासून झालं. प्राणवायूवर मात्र संशय घ्यायला कोणी तयार नव्हतं. आणि ते स्वाभाविकही होतं. बाळ निळं पडतं, प्राणवायू दिला की गुलाबी होतं, हे तर समोर दिसत होतं. जो जीव वाचवतो तो डोळे कसे घेईल?

१९५१ साली, म्हणजे इकडे मी चुलीजवळ कापसात पडलो होतो त्याच वर्षी, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये डॉ. केट कॅम्पबेल यांनी हा प्रश्न विचारला. त्यांनी तिथल्या निरनिराळ्या संस्थांमधल्या बाळांची तुलना केली. जिथे ऑक्सिजन सढळ हाताने दिला जात होता तिथे अंधत्व जास्त होतं, आणि जिथे तो बेताने दिला जात होता तिथे कमी. त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये अर्नॉल पॅट्झ आणि लेरॉय होएक या दोघा तरुण डॉक्टरांनी काही बाळांना भरपूर आणि काहींना गरजेपुरताच ऑक्सिजन देऊन पाहिला. तिथली एक हकीकत नेहमी सांगितली जाते. रात्रपाळीच्या काही परिचारिकांना वाटे, ही कसली क्रूर चाचणी! डॉक्टर घरी गेले की त्या हळूच 'कमी'वाल्या बाळांचाही ऑक्सिजन वाढवून ठेवत. ही हकीकत वाचताना मला त्या बायांचा राग आला नाही. त्यांच्या जागी माझी आजी असती तर तिनेही तेच केलं असतं.

मग १९५३ साली अमेरिकेतल्या अठरा रुग्णालयांनी एकत्र येऊन मोठी चाचणी घेतली. १९५४ च्या सप्टेंबरमध्ये निकाल जाहीर झाला. भरपूर ऑक्सिजन मिळालेल्या बाळांमध्ये अंधत्वाचं प्रमाण कितीतरी जास्त होतं, आणि दोन्ही गटांतल्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नव्हता. बस्स! गुन्हेगार सापडला. जगभर फर्मान निघावं तसं झालं: पेटीतला ऑक्सिजन चाळीस टक्क्यांच्या वर न्यायचा नाही. अंधत्वाची साथ एकदम ओसरली. पॅट्झ आणि त्या चाचणीचे प्रमुख एव्हरेट किन्से यांना १९५६ साली मानाचं लास्कर पारितोषिक मिळालं.

गोष्ट इथेच संपली असती तर छान झालं असतं. पण त्या चाचणीत एक बारीक तपशील होता. तिच्यात बाळं घेतली होती ती जन्मानंतर अठ्ठेचाळीस तास जगलेली. म्हणजे सर्वांत नाजूक, पहिल्या दोन दिवसांतच दगावणारी बाळं त्या हिशेबात नव्हतीच. नियम मात्र लागू झाला पहिल्या श्वासापासून. ज्यांची फुप्फुसं तयार नव्हती, ज्यांना खरोखरच जास्त प्राणवायू हवा होता, त्यांचाही हात आखडता घेतला गेला. १९७३ साली इंग्लंडच्या केनेथ क्रॉस यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात हिशेब मांडला, की एका बाळाचे डोळे वाचवताना सुमारे सोळा बाळं गमावली गेली असावीत. एकाला सोळा! आधी जास्त देऊन डोळे गेले, मग कमी देऊन जीव गेले. न्यूयॉर्कचे डॉ. विल्यम सिल्व्हरमन यांनी १९८० साली या सगळ्यावर एक पुस्तकच लिहिलं. पुढच्या डॉक्टरांनी यातून धडा घ्यावा, हा त्यामागचा हेतू.

श्रोतेहो, इथे थोडं थांबून डोळ्यात नेमकं काय होतं ते समजून घेऊ. आईच्या पोटात बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या साधारण चौथ्या महिन्यापासून पसरू लागतात. पडद्याच्या मधल्या भागातून त्या कडेकडे वाढत जातात आणि अगदी नवव्या महिन्यात कडेला पोचतात. पोटात प्राणवायू बेताचाच असतो. त्याच्या ओढीनेच त्या पुढे पुढे सरकतात. आता आमच्याकडे आंब्याचं रोप लावणारा कोणीही सांगेल, की रोपाला वरच्या वर सारखं पाणी दिलं तर मुळं खोल जात नाहीत. कशाला जातील? मग चैत्रात पाणी तुटलं की रोप मान टाकतं. तसंच आहे हे. सातव्या महिन्यात बाळ बाहेर येतं, प्राणवायूचा पूर येतो, आणि वाहिन्यांची वाढ थांबते. पुढे ऑक्सिजन काढला जातो, बाळ घरी येतं. तोवर डोळाही वाढलेला असतो, आणि पडद्याचा जो भाग वाहिन्यांविना राहिला तो गुदमरतो. मदतीसाठी हाका मारू लागतो. त्या हाकेला ओ देऊन नव्या वाहिन्या फुटतात, पण वेड्यावाकड्या, रानात माजणाऱ्या वेलींसारख्या. त्यांचे व्रण आकसतात आणि पडदा ओढून काढतात.

म्हणजे पाहा, जखम होते रुग्णालयात, आणि नुकसान होतं काही आठवड्यांनी, घरी. तेव्हा बाळ दूध पीत असतं, वजन वाढत असतं, सगळं छान असतं. बाहेरून डोळ्यात काही म्हणता काही दिसत नाही. आईला दिसेल असं काही होतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आमच्या त्या मुलीचं हेच झालं.

कमी वाईट आणि जास्तही वाईट, मग द्यायचा तरी किती? उत्तर मिळायला मोजमाप लागतं, आणि ते मोजमाप आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. कोरोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, आमच्या पाड्यावरच्या म्हातारीलासुद्धा बोटाला लावायचं ते चिमट्यासारखं यंत्र कळलं होतं. "गुरुजी, माझा किती? पंचाण्णव आहे ना?" हे ऑक्सिमीटर जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या कल्पनेतून १९७४ साली निघालं आणि ऐंशीच्या दशकात रुग्णालयांत पोचलं. कोरोनात आपण एकच भीती शिकलो, आकडा खाली जाण्याची. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन चालू असताना आकडा शंभरला टेकला तर तीही धोक्याचीच खूण असते, हे मात्र आपल्याला कोणी सांगितलं नाही. हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो. सिलिंडरमधून येतो तो जवळपास शुद्ध. म्हणून त्यात हवा मिसळून मोजून देणारं साधं उपकरण आणि आकडा वर गेला तरीही वाजणारी घंटा, ही दोन्ही बाळाच्या पेटीजवळ हवीत.

नेमका आकडा ठरवायलाही पुन्हा मोठ्या चाचण्या लागल्या. २०१० साली अमेरिकेत फार लवकर जन्मलेल्या १३१६ बाळांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाचा आकडा ८५ ते ८९ ठेवायचा, दुसऱ्याचा ९१ ते ९५. खालच्या गटात गंभीर नेत्ररोग निम्म्यावर आला, ८.६ टक्के विरुद्ध १७.९. पण मृत्यू वाढले, १६.२ चे १९.९ टक्के झाले. पन्नास वर्षांपूर्वीचाच पेच! फरक इतकाच, की या वेळी तो मोजून समोर ठेवला गेला. आज साधारणपणे नव्वद ते पंचाण्णवच्या मध्ये आकडा ठेवतात. म्हणजे थोडा जास्त नेत्ररोग पत्करायचा, पण बाळ जगवायचं, आणि त्याचे डोळे वेळेवर तपासून वाचवायचे. हा सौदा प्रामाणिक आहे, पण एका अटीवर. तपासणी झालीच पाहिजे. ती झाली नाही तर सौद्याचा अर्धा भाग आपण बाळाच्या माथी मारला असं होतं.

आता आपल्याकडे वळू. २०२० साली भारतात सुमारे तीस लाख बाळं मुदतीआधी जन्मली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा हा आकडा मोठा. गेल्या दीड-दोन दशकांत जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात बाळांचे खास कक्ष उघडले, आणि पूर्वी दगावली असती अशी बाळं जगू लागली. ही केवढी आनंदाची गोष्ट! पण अमेरिकेत चाळीसच्या दशकात जे झालं त्याची सावली त्याबरोबर आली. पाश्चात्त्य देशांत आज हा आजार मुख्यतः अगदी चिमुकल्या बाळांना होतो. आपल्याकडे दीड-दोन किलोच्या बाळांनाही होताना दिसतो. म्हणून त्यांचे नियम आपल्याला पुरत नाहीत. आपला नियम असा: बाळ चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं असलं, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत त्याचे डोळे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासायचे. फारच लवकर जन्मलेलं असलं तर दोन-तीन आठवड्यांतच. त्याहून थोड्या मोठ्या बाळाला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं असेल किंवा ते खूप आजारी असेल, तर त्याचेही. एकदा तपासून भागत नाही. पडदा पूर्ण तयार होईपर्यंत डॉक्टर बोलावतील तितक्यांदा जायचं. आजार सापडलाच तर लेझरने किंवा डोळ्यात इंजेक्शन देऊन बहुतेक बाळांची दृष्टी वाचवता येते. मात्र उपचार ठरला की तो दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो.

२०१५ च्या १ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर एक निकाल दिला. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ साली साडेबाराशे ग्रॅमची मुलगी जन्मली होती. तिला ऑक्सिजन दिला गेला, पण डोळे तपासले गेले नाहीत, आईबापांना धोका सांगितला गेला नाही, आणि ती अंध झाली. न्यायालयाने सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. निकाल लागला तेव्हा मुलगी अठरा वर्षांची होती. दोष ऑक्सिजन दिल्याचा नव्हता, न तपासल्याचा आणि न सांगितल्याचा होता.

आपल्या जिल्ह्याचाही या इतिहासाशी एक संबंध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. त्या कार्यक्रमाने मुलांच्या ज्या तीस व्याधी शोधायच्या ठरवल्या त्यांत हा आजार आहे. कर्नाटकात २००८ पासून वेगळीच वाट काढली गेली. प्रशिक्षित तंत्रज्ञ खास कॅमेरा घेऊन जिल्ह्याच्या गावी जातात, बाळाच्या पडद्याची छायाचित्रं काढतात आणि बंगळुरूला बसलेले तज्ज्ञ ती पाहतात. डॉक्टर गावात येऊ शकत नसेल तर बाळाचा डोळा डॉक्टरपर्यंत पोचवायचा!

कारण अडचण अंतराची आहे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरून निघायचं म्हणजे आधी चालत किंवा जीपने रस्त्यापर्यंत, मग शहापूर, मग ठाणे, नाहीतर मुंबई. महिन्याच्या बाळाला छातीशी धरून, एक रोज बुडवून, लोकलच्या गर्दीत. आणि तेही कशासाठी, तर दिसायला ठणठणीत असलेल्या बाळाचे डोळे दाखवायला! घरातला कर्ता म्हणणारच, पुढच्या महिन्यात बघू. पुढचा महिना उशिराचा असतो, हे त्याला सांगायचं कोणी?

हे काम आशाताई करू शकते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी केले. १९९९ साली ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ऊब, आईचं दूध, स्वच्छ हात आणि वेळेवर ओळखलेला धोका, हेच त्यातलं मुख्य. म्हणजे माझ्या आजीचंच शास्त्र, पण शिकून-सवरून आणि मोजून केलेलं. त्याच वाटेने २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जातात. त्यातली एक भेट अठ्ठाविसाव्या दिवशी असते. तिसाव्या दिवसाला दोन दिवस बाकी असताना! त्या भेटीत रुग्णालयाचं कार्ड काढून बघायचं, एवढीच माझी विनंती आहे. बाळ पेटीत होतं का? ऑक्सिजन लावला होता का? डोळे तपासायची तारीख कुठे लिहिली आहे? लिहिलेली नसेल तर रुग्णालयाला विचारायचं. आणि डॉक्टरमंडळींना हात जोडून विनंती, की ती ओळ मराठीत लिहा, मोठ्या अक्षरांत लिहा, आणि आईला तोंडाने सांगा.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. मुंबईत अंध मुलींच्या शाळेत शिकली, पदवी घेतली. मोबाइल तिला अक्षरं वाचून दाखवतो. दोन वर्षांपूर्वी मी तिला त्या कार्डाची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं सांगितली नव्हती. धीरच झाला नव्हता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गुरुजी, तुम्ही ती ओळ वाचली असती तर माझे डोळे वाचले असते?"

मी खोटं बोललो नाही. म्हणालो, "बहुतेक वाचले असते."

"मग आता दुसऱ्यांना वाचून दाखवा," ती म्हणाली.

म्हणून आज इथे आलो. तुमच्या घरात, शेजारात, वीटभट्टीवर, सोसायटीत कामाला येणाऱ्या बाईच्या घरी, कुठेही पेटीतून घरी आलेलं बाळ असेल तर त्याचं कार्ड मागून घ्या आणि तळापर्यंत वाचा. आर, ओ, पी ही तीन अक्षरं दिसली तर तारीख बघा. दिसली नाहीत तरी जन्मापासूनचे दिवस मोजा. तीसच्या आत असाल तर वेळ आहे. तीस उलटून गेले असतील तरी घरी बसू नका, उद्याच्या पहिल्या गाडीने निघा.